मिस्त्रींचे पाय

डाव्या बुटाचं टोक आतल्या बाजूला वळलं, तेव्हाच ठिणगीला कळलं की उत्तर ‘नाही’ असणार.

"बाबा, फक्त हो म्हणायचंय," ती तरी रेटून म्हणाली. "वर्गाच्या बाईंना उद्या सांगायचंय."

बसच्या पोटाखालून पान्याचा खणखणाट झाला. मग आवाज आला, "कशाला हो म्हणायचंय?"

"चित्रकलेच्या स्पर्धेला. आपल्या डेपोतच आहे, कामगारांच्या हॉलमध्ये."

"चित्राची कसली स्पर्धा? चित्र काय पळतं का?"

"पळत नाही. पण पहिल्या तीन नंबरांची चित्रं बसच्या पाठीवर रंगवणार आहेत. खऱ्या बसच्या! म्हणजे मग पळतीलच की."

यावर दोन्ही बूट एकमेकांवर चढले. म्हणजे विषय संपला. ठिणगीने उसासा टाकला आणि दप्तरातून पोळीचा तुकडा काढून ती चघळत बसली.

ठिणगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डेपोतल्या वेल्डिंगवाल्याने ते ठेवलं आणि चिकटलं. शाळा सुटली की ती डेपोत येई, एका पालथ्या टायरवर बसे आणि इस्पितळाच्या धोबीखान्यातून आई सुटेपर्यंत वडिलांच्या पायांशी गप्पा मारी. पायांशीच, कारण बाकीचे वडील बसखाली असत. डेपोत खाली उतरून काम करायला एक खड्डा होता, पण त्यात पाणी साचून इतका काळ लोटला होता की तिथल्या बेडकांना आता कायम करावं लागेल असं लोक म्हणत. म्हणून मिस्त्री चाकं लावलेल्या फळीवर उताणे होत, सरकन आत जात आणि बाहेर राहत ते फक्त दोन बूट.

बूटही असे की एकदा पाहिले तर माणूस विसरणार नाही. उजव्याचा तळ गेला, तेव्हा मिस्त्रींनी जुन्या टायरचा तुकडा कापून ठोकला होता. त्यामुळे ते चिखलातून चालले की एक ठसा माणसाचा उमटे आणि एक बसचा. डाव्याची टाच बाहेरून झिजून उतरती झालेली, आणि नाडीच्या जागी लाल वायर.

त्या पायांमुळेच डेपो त्यांना ओळखे. चेहऱ्याने नाही. खोटं वाटत असेल तर फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारावं. तो त्यांना रोज सकाळी अडवी. "कोण आपण? कोणाकडे काम आहे?" मिस्त्री काही न बोलता भिंतीला हात टेकत आणि घोड्याला नाल ठोकायला धरतात तसा उजवा पाय मागे उचलत. टायरची नक्षी दिसली की पहारेकरी कडक सलाम ठोके. "या या, मिस्त्री! आधी नाही का सांगायचं!"

डेपोच्या मोठ्या साहेबांची तर तऱ्हाच निराळी. एकदा उन्हाळ्यात बसखाली भट्टी पेटल्यासारखं झालं, तेव्हा मिस्त्रींनी बूट तसेच बाहेर डोकावत ठेवले, पलीकडच्या बाजूने सरकून निघाले आणि अनवाणी चहाला गेले. तेवढ्यात साहेब आले. ब्रेक, डिझेल, शिस्त, देशाची प्रगती अशा सगळ्या विषयांवर ते त्या बुटांना चांगले पोटभर बोलले आणि जाताना म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस डेपोत दुसरा नाही." तेव्हापासून साहेब मन मोकळं करायला त्याच बुटांकडे येत. त्यांपैकी किती वेळा बुटांत पाय होते, हे फक्त मिस्त्रींना ठाऊक.

असा माणूस सुखी असायला हरकत नव्हती, आणि बसखाली तो होताही. भानगड व्हायची ती उभं राहिल्यावर. उभा असलेला मिस्त्री म्हणजे कुठे ठेवावं ते न सुचलेलं सामान. हात कुठे ठेवावेत कळेना, नजर कुठे न्यावी कळेना. हेडमिस्त्रीच्या जागेसाठी तोंडी परीक्षा असे. पहिल्या खेपेला समोर टेबल आणि टेबलामागे तीन चेहरे पाहून त्यांची वाचाच गेली. दुसऱ्या खेपेला वाचा राहिली, पण तिच्यात एकच शब्द उरला. "गिअर अडकला तर काय कराल?" "तेल." "ब्रेक लागत नसेल तर?" "तेल." "तुमचं वय काय?" "तेल."

त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. मग ज्याच्या शेवटी नंबर लागतो अशी प्रत्येक गोष्ट त्यांनी आयुष्यातून वजा केली. परीक्षा नको, स्पर्धा नको, एवढंच काय, दाढी करायला गेले आणि तुमचा नंबर तिसरा असं कोणी म्हटलं, तर तसेच परत येत.

"पोरीला नाही म्हणालात म्हणे," त्या संध्याकाळी बायकोने विषय काढला. धोबीखान्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालून तिचे हात असे सवयीचे झाले होते की घरी आल्यावर टॉवेल, रुमाल, मिस्त्रींनी खुर्चीवर टाकलेला सदरा, जे दिसेल त्याची घडी पडे.

"हरली तर रडेल."

"रडेल. मग डोळे पुसून जेवेल."

"तुला नाही कळायचं. सगळ्यांसमोर हरणं म्हणजे..."

"मला नाही कळायचं? हरलात तुम्ही, जेवला नाहीत तुम्ही, आणि ताट झाकून कोण बसलं होतं?" तिने सदऱ्याची घडी चापटीने बसवली. "अहो, तुमच्या हरण्याचं पांघरूण तिच्यावर कशाला घालता? मापाचं तरी आहे का तिच्या?"

मिस्त्रींनी पायांकडे पाहिलं. पाय काही बोलेनात. "जाऊ दे मग," ते पुटपुटले, "पण मी येणार नाही."

"तुम्हीच जाणार आहात. माझी त्या दिवशी ड्यूटी आहे."

झालं. स्पर्धेच्या सकाळी मिस्त्री हॉलच्या शेवटच्या खिडकीशी उभे. आत मुलं ओळीने चटयांवर बसलेली आणि बाहेर प्रत्येक खिडकीला आईबापांचे घड लटकलेले. विषय आयत्या वेळी फळ्यावर लिहिला गेला: ‘आमच्या घरचं माणूस’. त्याबरोबर बाहेर असा कल्लोळ झाला की डेपोतली एक नादुरुस्त बस आपणहून सुरू झाली म्हणतात.

"बाळा, मला काढ! मला! आणि चष्मा काढून काढ!"

"अरे, बाबांना केस दाखव थोडे!"

"आधी पेन्सिल! पेन्सिल! रंग नंतर!"

शेजारच्या बाईंनी मिस्त्रींना कोपर मारलं. "तुमचं कुठलं?"

"ती, शेवटच्या ओळीतली."

"काय काढतेय?"

"माहीत नाही."

"अहो, मग ओरडून सांगा की काहीतरी! गप्प काय बसलाय? नंबर हवाय ना?"

नंबर हा शब्द ऐकताच मिस्त्री खिडकीपासून दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात स्पर्धा घेणाऱ्या चित्रकलेच्या बाई उठल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, हातातल्या काठीपेक्षा थोड्याशाच जाड. त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढले. बाहेर ग्रहण लागल्यासारखी शांतता पसरली. आतून मात्र, कोणीतरी झाकण उघडावं तसा, मुलांच्या हसण्याचा आवाज आला.

दुपारी दारं उघडली. भिंतीलगत दोऱ्या बांधून सगळी चित्रं चिमट्यांनी टांगली होती, आणि डेपोतले ड्रायव्हर, कंडक्टर, सफाईवाले, त्यांच्या बायका, मुलं असे सगळे पाहत पाहत पुढे सरकत होते. चेहरेच चेहरे. आपण पोरांना कसे दिसतो हे थोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं. एका ड्रायव्हरच्या मुलाने बापाचं तोंड इतकं मोठं काढलं होतं की कान मावायला जागा नव्हती. "मी इतका ओरडतो?" ड्रायव्हरने हळूच विचारलं, अगदी हळूच. आणि एक झोपलेली आत्या होती, तोंड उघडं, चष्मा नाकावर तसाच. ती खरी आत्या चित्रासमोर उभी राहून भाच्याला शोधत होती.

शेवटच्या दोरीपाशी गर्दी होती आणि गर्दीत हशा होता. मिस्त्रींनी टाचा उंचावून पाहिलं. अख्ख्या कागदभर दोन बूट. तळवे बघणाऱ्याच्या तोंडासमोर. एकाला टायरची नक्षी, खाच न् खाच. दुसऱ्याची उतरती टाच आणि लाल वायर. वर बसच्या खालच्या कडेचा एक काळा पट्टा. बस्स.

संपलं, मिस्त्रींना वाटलं. माझी पोर सगळ्यांसमोर ‘तेल’ म्हणून आली.

ते दाराकडे वळले तोच व्यासपीठावरून साहेबांचा आवाज घुमला. साहेब परीक्षक होते. दुसऱ्या परीक्षक चित्रकलेच्या बाई आणि तिसरे रंगांच्या दुकानाचे मालक, जे कोणीही काहीही म्हटलं की "वा, वा" म्हणत.

"हे चित्र बाद करावं लागेल," साहेब म्हणाले. "विषय माणूस आहे. यात माणूस कुठे आहे? ही तर पादत्राणं आहेत."

"वा, वा," दुकानदार म्हणाले.

"जिने काढलंय, तिलाच विचारू," बाई म्हणाल्या. ठिणगी वर गेली. तिच्या नाकाला काळा रंग लागला होता. "काय गं, हे कोण?"

"माझे बाबा."

"आणि चेहरा?"

"चेहरा घरी असतो," ठिणगी म्हणाली. "पण तो दमलेला असतो, बोलत पण नाही. खरे बाबा इथे असतात." तिने बुटांवर बोट ठेवलं. "हा डावा आत वळला की बोल्ट निघत नसतो. दोन्ही एकमेकांवर चढले की ते रागावलेले असतात. आणि बोल्ट निघाला की ते गाणं गुणगुणतात, तेव्हा हा उजवा ताल धरतो. मी तेव्हाचं काढलंय. बघा, तो थोडा तिरका आहे ना? आत्ता गाणं सुरू होणार आहे."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. दाराशी गेलेले मिस्त्री तिथेच थांबले. त्यांना वाटे, बसखाली आपण एकटे असतो.

"ते सगळं ठीक आहे," साहेब घसा खाकरून म्हणाले, "पण ओळख चेहऱ्याने पटते."

"असं म्हणता?" बाईंनी काठी टेबलावर टेकवली. "मग हे तुमच्याच डेपोतले मिस्त्री आहेत, त्यांचा चेहरा कसा आहे सांगा बरं."

साहेबांनी छताकडे पाहिलं. "मिशा आहेत."

"नाहीत!" दहा-वीस आवाज आले.

"म्हणजे, काढल्या असतील अलीकडे..."

"कधी नव्हत्याच!" ठिणगी म्हणाली.

एवढ्यात दाराशी गडबड झाली. पहारेकऱ्याने मिस्त्रींचं मनगट धरलं होतं. "कोण आपण? मघापासून पाहतोय, दारात घुटमळताय." मिस्त्रींनी सवयीने भिंतीला हात टेकला आणि उजवा पाय मागे उचलला.

"हे बघा मिस्त्री!" पहारेकऱ्याने अशी आरोळी ठोकली की खड्ड्यातले बेडूक गप्प झाले. "चित्रातले! साहेब, मिस्त्री सापडले!"

मग काय विचारता. लोकांनी त्यांना जवळजवळ उचलूनच व्यासपीठावर नेलं. समोर टेबल, टेबलामागे तीन चेहरे.

"तुम्हीच का ते?" साहेबांनी निरखून पाहिलं. "मला तर ओळख पटत नाही. हे चित्र तुमचंच आहे?"

मिस्त्रींचे ओठ हलले. पहिल्या रांगेतल्या लोकांची शपथ आहे, तो शब्द ‘तेल’ होता.

"बाबा," ठिणगीने त्यांची बाही ओढली, "आडवे व्हा ना."

मिस्त्रींनी पोरीकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. टेबलावर खालपर्यंत लोंबणारं कापड होतं. मग त्यांनी जमिनीवर बसकण मारली, उताणे झाले आणि सरकन टेबलाखाली गेले. बाहेर राहिले दोन बूट, तळवे सगळ्या हॉलच्या तोंडासमोर. वर ठिणगीने चित्र धरलं. खाच न् खाच जुळली.

साहेब ताडकन उभे राहिले. "अरे! मिस्त्री! तुम्ही!" आणि चक्क टेबलापुढे येऊन, वाकून, त्या बुटांसमोर हात जोडून म्हणाले, "इतकी वर्षं बोलतोय मी यांच्याशी!"

हॉल नुसता फुटला. टाळ्या, शिट्ट्या, कोणीतरी बाहेर जाऊन बसचा भोंगाही वाजवून आलं. आवाज ओसरल्यावर बाई वाकून म्हणाल्या, "मिस्त्री, मुलीच्या चित्राबद्दल काही सांगाल?"

आणि काय नवल, टेबलाखालून मोकळा, स्पष्ट आवाज आला. "सांगतो की. मला वाटायचं, स्पर्धा म्हणजे नुसतं हरायला जायचं. आज हिला सगळ्यांनी बघितलं. हिने काय बघितलंय, ते बघितलं. घरी भिंतीला लावलं असतं, तर मी कुठे बघणार होतो? दिवसभर तर मी बसखाली." उजवा बूट जरा तिरका झाला. "नंबर द्या, न द्या. आणि हो, साहेब, खड्ड्यातलं पाणी तेवढं काढा."

"वा, वा!" दुकानदार म्हणाले, आणि या वेळी मनापासून म्हणाले.

निकाल लागला. ठिणगीचा दुसरा नंबर. पहिला, झोपलेल्या आत्याचा.

मिस्त्री टेबलाखालून धडपडत बाहेर आले आणि आधी त्यांनी पोरीचा चेहरा शोधला. आता रडेल. आता ओठ थरथरेल. पण ठिणगी जागेवर नव्हतीच. ती आत्याच्या चित्राला नाक चिकटवून उभी होती.

"बाबा, इकडे या! लवकर! हे बघा, चष्म्याची सावली. गालावर पडलीय! चष्म्याची सावली पडते हे मला सुचलंच नाही!" मग आत्याच्या मागे लपलेल्या किडकिडीत मुलाला तिने दंडाला धरून बाहेर ओढलं. "ए, कशी काढलीस? पेन्सिल आडवी धरून? दाखव ना."

मुलगा दाखवू लागला. लढाई जिंकल्यासारखी ती दोघं जमिनीवर कागद पसरून बसली. मिस्त्री कितीतरी वेळ पाहत राहिले. हरलेली माणसं अशी दिसतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली. बायको त्यांच्या रुमालाची घडी घालता घालता हसली.

पुढच्या परीक्षेला ते पुन्हा बसले आणि हेडमिस्त्री झाले. ती परीक्षा त्यांनी खुर्चीवर बसून दिली की टेबलाखालून, यावरून डेपोत अजून दोन तट आहेत. परीक्षेच्या समितीतले लोक विचारलं की विषय बदलतात. खड्डा मात्र साहेबांनी उपसला आणि बेडकांची बदली झाली. आता मिस्त्रींना खाली आडवं व्हायचं कारण उरलं नाही. बायकोने नवे कोरे बूट आणून दारात ठेवले.

"उद्यापासून हे घाला. हेडमिस्त्री झालात."

मिस्त्रींनी बूट उलटून पाहिले. तळवे गुळगुळीत. त्यांनी ते पुन्हा खोक्यात घातले.

"का हो? आवडले नाहीत?"

"छान आहेत. पण चित्र खोटं पडेल."

चित्र कुठलं, हे सांगायला नकोच. डेपोतल्या सगळ्यांत जुन्या बसला, जिला सगळे म्हातारी म्हणत, तिच्या पाठीवर रंगाऱ्याने ते दोन बूट दाराएवढे मोठे रंगवले होते. म्हातारी रस्त्याने निघाली की मागच्या गाड्यांतली माणसं बोटं दाखवत. आणि ती कुरकुरत डेपोत परतली की हेडमिस्त्री दुसऱ्या कोणाला तिला हात लावू देत नसत, खड्ड्यावरही नेत नसत. चाकांची फळी काढत आणि सरकन आत जात.

अशाच एका दुपारी ठिणगी आणि आत्यावाला मुलगा पालथ्या टायरवर मांडीवर कागद घेऊन बसले होते. समोर म्हातारीच्या पाठीवर दोन बूट, आणि त्यांच्या बरोबर खाली दोन बूट. खालच्यांपैकी डाव्याचं टोक आत वळलेलं होतं.

"थांब," ठिणगी हळूच म्हणाली. "आत्ता निघेल."

बसच्या पोटात काहीतरी कट्‌ करून सुटलं. मग उजवा बूट किंचित तिरका झाला आणि ताल धरू लागला, आणि वरचा रंगवलेला बूट तसाच तिरका, आपली पाळी येण्याची वाट पाहत असल्यासारखा.